पहिलं शीड

मुसफ्फात होडी भेटते ती कोरड्यावर.

अबुधाबी बेट ओलांडून मुख्य भूमीवर आलं की ही औद्योगिक वसाहत सुरू होते. इथे पत्ता सांगायचा तो 'एम'च्या आकड्यांत: एम-९, एम-१४, एम-३७. गॅरेजं, पत्र्याची गोदामं, सुट्या भागांची दुकानं, लेथचा आवाज, दुपारी फोडणीचा वास सोडणारी केरळी हॉटेलं. त्यांच्या अधेमधे, एखाद्या कुंपणाआड, लोखंडी घोड्यांवर चढवून ठेवलेली फायबरची होडी. वर धुळीचा थर, खाली वाळलेल्या शिंपल्यांची खपली. पाण्यात असताना तिचा जो भाग कुणाला दिसत नाही तोच इथे डोळ्यांच्या पातळीवर येतो. बैलबाजारात दात बघतात, इथे पोट बघता येतं.

समुद्रही लांब नाही. गाळ उपसून केलेला कालवा वसाहतीच्या कडेपर्यंत खारं पाणी आणतो. याच पाण्याच्या काठाला १९९६ साली सुरू झालेली अबुधाबी शिप बिल्डिंगची गोदी आहे. अमिरातीच्या नौदलाच्या 'बायनूना' जातीच्या सहा युद्धनौकांपैकी पहिली फ्रान्समध्ये शेरबूरला बांधली गेली आणि बाकीच्या पाच इथे. म्हणजे जिला गाव म्हणावं की गॅरेज असा प्रश्न पडतो, त्या मुसफ्फात सत्तर मीटरची युद्धनौकाही तयार होते आणि दहा फुटांच्या होडीचं भोकही बुजवून मिळतं.

या वसाहतीत एक माणूस कल्पनेनं उभा करू. वेंगुर्ल्याचा, चाळिशीतला, फायबरचं काम जाणणारा. आजोबा शिडाच्या होडीवर तांडेल, वडील इंजिनाच्या होडीवर, हा गल्फात. दर रविवारी तो त्या कुंपणाशी थबकतो. एका होडीला 'विकणे आहे' अशी पाटी लागलेली असते, आणि एके दिवशी तो घरी फोन करून सांगतो की शिडाची होडी घ्यायचा विचार आहे. पलीकडून आई विचारते, "शिडाची? मगे इंजिनाक काय झाला रे, बाबू?"

प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. कोकणच्या किनाऱ्यावर शीड गेलं ते कुणाला त्याचा कंटाळा आला म्हणून नव्हे. वारा पडला की शिडाचं आडवं परबाण खाली घेऊन वल्ही मारायची, वारा उलटला की बाहेरच थांबायचं, मासळी नासायची. गेल्या शतकाच्या उत्तरार्धात इंजिनं आली आणि दोन पिढ्यांत शीड घरच्या माळ्यावर गेलं. आजोबांच्या पिढीनं सुटकेचा श्वास टाकून जे खाली उतरवलं, ते नातू पैसे मोजून वर चढवू पाहतो आहे. ही हौसच आहे, तिला परंपरा वगैरे म्हणायचं कारण नाही. आणि हौस आहे हे एकदा कबूल केलं की होडी निवडणं पुष्कळ सोपं होतं.

कारण पहिल्यांदा होडी घेणारे बहुतेक लोक होडी निवडतच नाहीत, प्रवास निवडतात. डोळ्यांसमोर मस्कत असतं, झांजिबार असतं, एखाद्या रात्री तर थेट मुंबई असते. त्या प्रवासाला लागणारी होडी मग शोधली जाते: झोपायला चार जागा, स्वयंपाकाचा ओटा, पाण्याची टाकी. प्रत्यक्षात हाताशी असतात ते रविवार. तेही सगळे नाहीत. जून ते सप्टेंबर मुसफ्फात पारा पंचेचाळिसाच्या आसपास घुटमळतो तेव्हा शिडाच्या होडीवर बसणं म्हणजे तव्यावर बसणं.

आखातात उन्हाळा सरू लागल्याची खूण एक तारा देतो. ऑगस्टच्या अखेरीस, पहाटे, दक्षिणेच्या क्षितिजाला चिकटून 'सुहैल' दिसू लागतो आणि अरब माणूस म्हणतो, आता दिवस बदलले. हाच तारा आपल्याकडे अगस्ती. त्याच्या उदयानंतर पावसाळ्याचं गढूळ पाणी निवळतं असं आपण मानतो, आणि ज्यानं समुद्र पिऊन टाकला त्या ऋषीचं नाव त्याला देतो. दोन किनारे, दोन भाषा, तारा एकच. आणि दोन्हीकडे त्याचा अर्थ 'आता होडी काढायला हरकत नाही' असाच काहीसा.

याच ताऱ्याच्या नावाशी जुळणारं एका वाऱ्याचं नाव आखातातले खलाशी वापरत, आणि त्या वाऱ्यावरून नाव ठेवलेली एक होडी मुंबईत बांधली गेली होती. पहिली होडी कशी घ्यावी या विषयावर एवढं चांगलं उदाहरण दुसरं नाही.

रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन हा तरुण इंग्रज ब्रिटिश इंडिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनीच्या बोटींवर अधिकारी होता. मुंबईहून आखातात जाणाऱ्या फेऱ्या हे त्याचं काम. १९६३च्या सुमारास त्यानं आणि त्याच्या सहकाऱ्यांनी मुंबईत स्वतःची शिडाची होडी बांधून घ्यायचं ठरवलं. इंग्लंडमधल्या एका कंपनीची जाहिरात पाहून आराखडा मागवला. आराखडा आला, पण हवा होता तो नव्हे. आलं ते विल्यम अॅटकिन या अमेरिकन रचनाकाराचं १९२०च्या दशकातलं 'एरिक' नावाचं जुनं रेखाटन: जाड, बुटकं, दोन टोकांना निमुळतं, जोरात पळण्याची फारशी आशा न दाखवणारं. परत पाठवायला वेळ नव्हता. तेच घेतलं.

मग मुंबईच्या सुतारांनी वाकस आणि कमानीचा सामता अशी हातहत्यारं चालवून सागवानाची बत्तीस फुटी 'सुहैली' उभी केली. ती १९६४ साली पाण्यात उतरली. बाकीचे भागीदार एकेक करून गळले. अखेर १९६५च्या डिसेंबरात नॉक्स-जॉन्स्टन, त्याचा भाऊ आणि एक मित्र असे तिघे तिला घेऊन मुंबईहून निघाले, मस्कत करून आफ्रिकेच्या वाटेला लागले आणि १९६७ साली इंग्लंडला पोचले.

पुढची गोष्ट जास्त गमतीची आहे. एकट्यानं, न थांबता, पृथ्वीप्रदक्षिणा करायची हे डोक्यात आलं तेव्हा त्याला 'सुहैली' नको होती. त्याला हवी होती नवी, त्रेपन्न फुटी, पोलादी होडी. कॉलिन म्युडी या नामवंत रचनाकाराकडे तिचा विचारही झाला. पैसा उभा राहिला नाही. 'सुहैली' विकून काही होतं का तेही बघून झालं. शेवटी जी होती तीच घेऊन तो १४ जून १९६८ला फाल्मथहून निघाला आणि ३१२ दिवसांनी, २२ एप्रिल १९६९ला तिथेच परतला. त्या 'गोल्डन ग्लोब' शर्यतीत नऊ जण उतरले होते. पूर्ण करणारा हा एकटा.

वाटेत, अटलांटिकमध्येच, होडी गळू लागली. पाण्याखाली कीलजवळच्या, म्हणजे आपले सुतार ज्याला पठाण म्हणत त्या कण्याजवळच्या, फळ्यांच्या फटी उघडल्या होत्या. हा माणूस समुद्रात बुडी मारून फटीत कापूस ठासत राहिला आणि वरून तांब्याची पट्टी ठोकली. हे त्याला जमलं कारण ती होडी बांधली जाताना त्यानं पाहिली होती. होडीचा प्रत्येक खिळा ओळखीचा होता. त्याच शर्यतीत डोनाल्ड क्रोहर्स्ट हा दुसरा इंग्रज नवीकोरी, वेगवान, तीन सांगाड्यांची होडी घेऊन उतरला. तिचं काम अर्धवट असतानाच, मुदतीच्या शेवटच्या दिवशी, तो निघाला. १९६९च्या जुलैत होडी सापडली, तीत माणूस नव्हता. या दोन होड्या शेजारी ठेवल्या की नव्या-जुन्याचा वाद निरर्थक वाटू लागतो. एकाला आपली होडी पाठ होती, दुसऱ्याला तिची ओळख व्हायची होती.

मराठी माणसाला याहून जवळचं उदाहरण गोव्यात आहे. फलटणजवळ विंचुर्णीला राहणारे निवृत्त व्हाइस अॅडमिरल मनोहर आवटी यांच्या मनात होतं की एखाद्या भारतीयानं, भारतात बांधलेल्या होडीतून, एकट्यानं जग फिरावं. नौदलातले पाणबुडे कमांडर दिलीप दोंदे २००६ साली पुढे आले. होडी मात्र नव्हती. ती बांधून घेणं हेच पहिलं काम होतं. आराखडा व्हॅन द स्टाट या डच संस्थेचा, ५६ फुटांचा. बांधणारे रत्नाकर दांडेकर, मांडवीतल्या दिवाडी बेटावर 'अॅक्वेरिअस' ही गोदी चालवणारे. फायबरचं काम त्यांच्या हातात होतं, पण महासागरात जाणारी शिडाची नौका त्यांनी तोवर बांधली नव्हती. लाकडाच्या पट्ट्या आणि वर फायबरचा लेप अशी ती उभी राहिली. नाव ठेवलं 'म्हादेई', मांडवीचं गोवेकरांच्या तोंडचं नाव. फेब्रुवारी २००९मध्ये ती नौदलात दाखल झाली. त्या वर्षी १९ ऑगस्टला दोंदे मुंबईहून निघाले, फ्रीमँटल, लिटल्टन, पोर्ट स्टॅन्ली आणि केप टाउन अशा चार थांब्यांनंतर १९ मे २०१०ला परतले. एकट्यानं पृथ्वीप्रदक्षिणा करणारा पहिला भारतीय.

दोंद्यांचं कौतुक आपण केलं, करायलाच हवं. पण होडी घेणाऱ्यानं बघावं ते दांडेकरांकडे. मोठ्या नावाची गोदी शोधत बसण्याऐवजी हाताच्या अंतरावर असलेला, हे काम पहिल्यांदाच करणारा पण फायबर कोळून प्यालेला माणूस निवडला गेला, आणि बांधणीच्या काळात होडी चालवणारा गोदीतच हजर असे. मुसफ्फाच्या वेंगुर्लेकराकडे हे भांडवल आहे. फायबरचा कापड-रेझिनचा थर कसा बसतो, हवा कुठे अडकते, घाई केली तर काय होतं, हे त्याला माहीत आहे. सूट घालून मरीनात होडी बघायला येणाऱ्या कित्येकांना ते माहीत नसतं.

या गोष्टीशी अबुधाबीचा थेट संबंधही आहे. भारतीय दर्यावर्दी अभिलाष टोमी यांनी २०१८ साली पुन्हा भरलेल्या गोल्डन ग्लोबमध्ये 'सुहैली'चीच प्रतिकृती उतरवली होती, दिवाडीला दांडेकरांनीच बांधलेली 'तुरीया'. हिंदी महासागरात वादळानं तिची डोलकाठी मोडली, टोमींच्या पाठीला जबर इजा झाली आणि त्यांना वाचवून आणावं लागलं. पुढच्या खेपेला, २०२२मध्ये, अबुधाबीच्या 'बयानात' या कंपनीनं त्यांना पाठबळ दिलं. यावेळी नवी बांधणी नव्हती, तर इंग्लंडच्या कॉर्नवॉलमध्ये बनणाऱ्या रस्टलर ३६ जातीची फायबरची जुनी होडी घेतली होती. २९ एप्रिल २०२३ला ते दुसरे आले. पहिल्या आलेल्या कर्स्टन नॉयशेफर दोनच दिवस पुढे होत्या.

आता ही रस्टलर वेंगुर्लेकरानं घ्यावी का? नको. तिचं कील सुमारे पावणेदोन मीटर पाण्याखाली असतं. दक्षिण महासागराला ते थोडं वाटेल, अबुधाबीच्या किनाऱ्याला फार होतं. आखाताची सरासरी खोलीच पस्तीस मीटरच्या आसपास, आणि अबुधाबीच्या बाजूला तर वाळूचे पट्टे, खारफुटी, ओहोटीला उघडी पडणारी दलदल. उपसलेल्या वाटेबाहेर गेलं की रुतलं. शिवाय मुख्य भूमी आणि बेट यांच्यामध्ये पूल आहेत. मोटरबोटीच्या मालकाला पूल दिसतो तेव्हा तो सावली बघतो. शिडाच्या होडीचा मालक आपल्या डोलकाठीची उंची आणि भरतीची वेळ आठवतो. होडी ठेवणार पुलाच्या अलीकडे आणि वारा पलीकडे, असं झालं तर पैसे वाया. म्हणून किमतीच्या आधी दोन मापं घ्यायची: कील किती खोल, डोलकाठी किती उंच.

मापं जुळली की मग पोट. लाकडी हातोडीनं हळूहळू ठोकत जायचं. टणक आवाज येत असेल तर ठीक. भदभद ऐकू आलं तर आतले थर सुटलेत किंवा पाणी मुरलंय. पृष्ठभागावर पुरळासारखे फोड असतील तर तेही मुरलेल्या पाण्याचंच लक्षण. ते बरं करता येतं, पण महिनोन्महिने वाळवायला ठेवून. डेकवर अनवाणी चालावं. पाय दबला तर आतला गाभा कुजला. डोलकाठी ताणून धरणाऱ्या तारांवरून चिंधी फिरवावी. कुठे धागा अडकला तर तिथे एक पीळ तुटलेला आहे, आणि एक तुटला की बाकीचे रांगेत असतात. या तारा पोलादाच्या असल्या तरी दहा-पंधरा वर्षांत बदलायच्या असतात. विकणारा हे आपणहून सांगत नाही.

आखातात सगळ्यांत आधी मरतं ते शीड. नवं शीड खळ घातलेल्या लुगड्यासारखं कडकडतं. इथल्या उन्हात ते उघडं राहिलं तर कापडाच्या आधी शिवण जाते. दोरा नखानं ओढला की सुटतो. पाण्याचं म्हणाल तर खुल्या महासागरात दर हजार भागांत पस्तीस भाग मीठ, इथे चाळिसाच्या वर. लोखंड, अॅल्युमिनियम, इंजिनात खेळणारं पाणी, सगळ्यांवर त्याचा दात. ही तपासणी सकाळी सातला करावी. दुपारी बाराला कुणालाही कुठलीही होडी 'चालेल' असं वाटतं, कारण सावलीत जायचं असतं.

आणि कागद. नोंदणी कुणाच्या नावावर, विमा आहे का, मरीनाचं भाडं थकलंय का, चालवायला परवाना कोणता लागतो. जुनी होडी आणि जुनं देणं एकाच घोड्यावर उभं असू शकतं.

किमतीचा मुद्दा मुद्दाम शेवटी ठेवला, कारण तोच सगळ्यांत फसवा. जुनी मोठी होडी स्वस्त मिळते. कधी कधी छोट्या चांगल्या होडीपेक्षाही स्वस्त. त्याचं कारण सोपं आहे. भाडं, रंग, शिडं, दोर यांचा खर्च होडी कितीला घेतली यावर ठरत नाही, ती किती लांब आहे यावर ठरतो. आणि तिचं आकारमान सगळ्या बाजूंनी वाढतं: त्याच घाटाची होडी दुप्पट लांब केली तर वजन साधारण आठपट होतं. नांगर मोठा, साखळी जाड, उचलायला क्रेन, क्रेनला पैसे. मुसफ्फात कारागीर पावलापावलावर आहेत ही इथली सोय, आणि हाच सापळाही. 'करून घेऊ हळूहळू' असं म्हणत घेतलेल्या होड्या कुंपणाआड किती दिसतात ते एकदा मोजावं.

तेव्हा वेंगुर्लेकरानं घ्यावी ती लेझर, जिला आता आयएलसीए म्हणतात. कॅनडाचे ब्रूस कर्बी यांनी १९६९मध्ये फोनवर बोलता बोलता तिचं पहिलं रेखाटन कागदावर उतरवलं असं सांगतात. ४.२३ मीटर लांब, सांगाड्याचं वजन ५९ किलो, एक डोलकाठी, एक शीड. आजवर दोन लाखांहून जास्त बनल्या. १९९६पासून ऑलिम्पिकमध्ये आहे. भारताचे विष्णू सरवणन आणि नेत्रा कुमनन याच जातीच्या होडीत ऑलिम्पिकपर्यंत गेले. टोकियोची पात्रता त्यांनी मिळवली तीही इथून फार दूर नाही, ओमानच्या मुसन्नाला. मधली फळी वर उचलली की वीतभर पाण्यात तरंगते. दोन माणसं उचलू शकतात, गाडीच्या टपावर जाते, पुलाची पर्वा नाही, मरीनाचं भाडं नाही. भेग पडली तर हा माणूस ती शुक्रवारी संध्याकाळी स्वतः बुजवेल आणि रविवारी पाण्यात असेल.

तिच्यात झोपता येत नाही, चहा करता येत नाही, आणि ती उलटते. महिनाभर दर रविवारी उलटते. पण वारा मानेच्या कोणत्या बाजूला लागतोय हे जेवढं ती शिकवते तेवढं छत्तीस फुटी होडी शिकवत नाही. मोठी होडी चुका पोटात घालते, लेझर तोंडावर पाणी मारते. मस्कत, झांजिबार राहू द्यावं मनात. तीन हिवाळ्यांनंतरही ते तिथेच असेल तर मग कुंपणाआडच्या त्या मोठ्या होडीकडे बघावं. ती तोवर विकली गेली असण्याची शक्यता कमीच.

आईला फोनवर काय सांगायचं? इंजिनाला काहीच झालेलं नाही, ते या होडीत नाहीच, एवढं सांगावं. आणि पोहायला येतं, जॅकेट घालतो, हे न विचारता सांगावं.

सुहैल साधारण २४ ऑगस्टपासून दिसतो. तोवर मोजपट्टी, लाकडी हातोडी आणि एक चिंधी पिशवीत टाकून ठेवा.